हुकलेली सहल आणि वॉल्ट डिस्ने

मित्रांनो, आमची बॅच म्हणजे दहावीला भूगोलाचा पेपर न दिलेली बॅच! मार्च २०२०. बाकीचे पेपर झाले, एकटा भूगोल राहिला आणि करोना आला. पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि भूगोलाचे मार्क सरासरीने मिळाले. वर्गातली सगळी पोरं खूश! माझं मात्र एक दुःख होतं आणि ते त्या दिवसांत कुणाला सांगायचीही सोय नव्हती. दहावी झाली की मे महिन्यात खोपोलीच्या इमॅजिकाला न्यायचं पप्पांनी कबूल केलं होतं. शेजारचे काका गाडी चालवणार, दोन घरं मिळून जालन्याहून पहाटे निघणार, असं सगळं ठरलं होतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेजवळचं हे थीम पार्क २०१३ साली सुरू झालेलं. तिथली एकेक राइड मला व्हिडिओ पाहून पाठ होती. ते पार्कही त्याच मार्चमध्ये बंद झालं.

मी दोन दिवस तोंड फुगवून बसलो. तेव्हा आजीने तिच्या सासूकडून ऐकलेली एक गोष्ट सांगितली. मानमोडीची साथ! एकाला पोचवून यावं तर घरात दुसरा तयार, अशी ती साथ होती म्हणे. ही मानमोडी म्हणजेच १९१८ चा इन्फ्लुएन्झा, हे मला पुढे कळलं. आपलं जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. त्या एका साथीत भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली. आजीचं म्हणणं एवढंच होतं, की सहल पुन्हा ठरते, माणूस पुन्हा येत नाही.

मला तेव्हा ते फारसं पटलं नाही. खरं सांगायचं तर पटलं ते कॉलेजात आल्यावर. मेकॅनिकलला असल्यामुळे सेमिनारसाठी रोलर कोस्टर हा विषय घेतला आणि वाचता वाचता वॉल्ट डिस्नेपाशी येऊन पोचलो. मिकी माउसवाला डिस्ने आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण ज्याने थीम पार्क ही गोष्ट जगाला दिली, त्या माणसालाही सोळाव्या वर्षी याच मानमोडीने गाठलं होतं आणि त्याचीही एक सहल हुकली होती, हे किती जणांना माहीत आहे? म्हणून हा लेख.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोत झाला. वडील एलियास कडक शिस्तीचे आणि नशिबाने कायम फसवलेले. शेती केली, जमली नाही. दुसरे धंदे केले, तेही यथातथाच. आई फ्लोरा मात्र प्रेमळ आणि हसरी. वॉल्टच्या लहानपणीची चार-पाच वर्षं मिसूरी राज्यातल्या मार्सेलिन या छोट्या गावी शेतावर गेली. गावातून रेल्वे जायची. रेल्वेचं वेड त्याला तिथे लागलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही. शेत विकून हे कुटुंब कॅन्सस सिटीला आलं. तिथे वडिलांनी वर्तमानपत्रं टाकायचं काम घेतलं आणि ते पोरांच्या अंगावर पडलं. नऊ-दहा वर्षांचा वॉल्ट पहाटे साडेतीनला उठून बर्फातून पेपर टाकायचा, मग शाळेत जाऊन पेंगायचा. वडील त्याचे पैसेही देत नसत. त्याच शहरात इलेक्ट्रिक पार्क नावाचं करमणुकीचं उद्यान होतं. संध्याकाळी तिथे हजारो दिवे लागायचे. पेपर टाकणाऱ्या पोराच्या डोळ्यांत ते दिवे राहून गेले असणार.

१९१८ साल उजाडलं तेव्हा वॉल्ट पुन्हा शिकागोत होता. पहिलं महायुद्ध चालू होतं. थोरला भाऊ रॉय नौदलात गेला होता. वॉल्टलाही जायचं होतं, पण वय होतं फक्त सोळा! मग त्याने आणि त्याच्या मित्राने रेड क्रॉसच्या रुग्णवाहिका दलाचा रस्ता शोधला. तिथे सतरा वर्षं पुरी लागत होती. वडिलांनी सही करायला साफ नकार दिला. आईने सही केली आणि वॉल्टने कागदावर १९०१ चं १९०० करून टाकलं! (पुढे हे उद्योग आपणही फॉर्म भरताना करू नयेत, हे वेगळं सांगायला नको.)

आता योगायोग बघा. रेड क्रॉसची प्रशिक्षणाची छावणी होती शिकागो विद्यापीठाजवळच्या एका जळून बंद पडलेल्या करमणूक उद्यानाच्या जागेवर. पोरं तिथे गाडी चालवायला आणि दुरुस्त करायला शिकत होती. आणि नेमकी त्याच वेळी साथ आली. दाटीवाटीने राहणारी तरुण पोरं, एकच जेवणघर, शेजारी शेजारी खाटा. साथीला आणखी काय हवं? पुढे जगातलं सगळ्यात प्रसिद्ध करमणूक उद्यान उभारणारा मुलगा एका मोडक्या करमणूक उद्यानात तापाने फणफणून पडला.

त्याला दवाखान्यात न ठेवता घरी आणलं. घरी धाकटी बहीण रूथही आजारी पडली. आई फ्लोराने दोघांची शुश्रूषा केली आणि ती करता करता तीही आजारी झाली. तरी ती उठून पोरांचं करत राहिली. वॉल्ट बरा झाला, पण तोवर त्याची तुकडी फ्रान्सला रवाना झाली होती. जहाज हुकलं! त्याची किती चिडचिड झाली असेल याची कल्पना आमच्या बॅचला नक्की येईल. त्याला दुसऱ्या तुकडीत घातलं. तोवर ११ नोव्हेंबरला युद्धच संपलं. तरीही रुग्णवाहिका चालवायला माणसं लागतच होती, म्हणून एका आठवड्याने तो जहाजात चढला. जवळजवळ वर्षभर फ्रान्समध्ये राहिला, गाड्या हाकल्या आणि गाडीच्या ताडपत्रीवर चित्रं काढली. म्हणजे सहल हुकली नाही, उशिरा झाली एवढंच.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना ठाऊक आहे. शाळा सुटलेली, डिग्री नाही. कॅन्सस सिटीत कार्टूनची पहिली कंपनी काढली, ती १९२३ साली दिवाळखोरीत गेली. मग हॉलिवूड गाठलं आणि रॉयबरोबर १६ ऑक्टोबर १९२३ रोजी डिस्ने स्टुडिओ सुरू केला. ओस्वाल्ड नावाचा ससा गाजला, पण त्याचे हक्क वितरकाच्या ताब्यात होते. १९२८ साली ससा गेला आणि बरोबर अनेक कलाकारही गेले. सशाच्या जागी उंदीर आला! अब आयवर्क्स या जिवलग सहकाऱ्याच्या कुंचल्यातून मिकी उतरला आणि १८ नोव्हेंबर १९२८ रोजी आवाजासह पडद्यावर आला. १९३७ मध्ये स्नो व्हाइट हा पूर्ण लांबीचा कार्टूनपट आला. तो बनत असताना लोक त्याला वॉल्टचा वेडेपणा म्हणत होते. त्याच वेळी स्टुडिओने मल्टिप्लेन कॅमेरा बनवला. काचेचे थर एकमेकांच्या मागे ठेवून सपाट चित्राला खोली द्यायची, ही निखळ इंजिनीअरिंगची करामत!

स्नो व्हाइटच्या पैशातून दोन्ही भावांनी आईवडिलांना कॅलिफोर्नियात घर घेऊन दिलं. म्हातारपणी तरी सुख मिळावं म्हणून. घरातल्या गॅसच्या भट्टीबद्दल आईची तक्रार होती. स्टुडिओची माणसं येऊन दुरुस्ती करून गेली. पण काम नीट झालं नव्हतं. २६ नोव्हेंबर १९३८ रोजी कार्बन मोनॉक्साइड घरात साठला आणि फ्लोरा गेली. वडील कसेबसे वाचले. मानमोडीतून ज्या आईने पोराला वाचवलं, ती पोराने घेऊन दिलेल्या घरात एका चुकीच्या दुरुस्तीने गेली. वॉल्ट या विषयावर पुढे जवळजवळ कधीच बोलला नाही म्हणतात. मित्रांनो, सेफ्टीचा विषय आपण परीक्षेपुरता वाचतो. ही एक घटना वाचल्यावर तो विषय मला परीक्षेपुरता राहिला नाही.

वॉल्ट काही देवमाणूस नव्हता. १९४१ साली त्याच्या स्टुडिओत मोठा संप झाला आणि तो त्याने कटुतेने हाताळला. पण एक गोष्ट त्याने अचूक ओळखली होती, की माणूस हसत हसत शिकतो. युद्धाच्या काळात त्याच्या स्टुडिओने अमेरिकेच्या सरकारसाठी आरोग्यावरचे छोटे चित्रपट केले. १९४३ च्या एका चित्रपटात स्नो व्हाइटचे सात बुटके साचलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या मारतात, घराच्या फटी बुजवतात आणि मलेरिया कसा रोखायचा ते दाखवतात. दुसऱ्या चित्रपटांत पाणी शुद्ध कसं ठेवायचं, रोग एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो, हे सांगितलं होतं. साथ भाषणांनी थांबत नाही, सवयींनी थांबते, हे त्याला कळलं होतं.

आता थीम पार्ककडे येऊ. वॉल्टला दोन मुली, डायेन आणि शॅरन. सुट्टीच्या दिवशी तो त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये फिरत्या घोड्यांवर बसवायला न्यायचा. मुली घोड्यांवर, आणि बाप बाकावर शेंगदाणे खात बसलेला! तिथे त्याच्या डोक्यात आलं, की आईबाप आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा येईल अशी जागा का नसावी? त्या काळची करमणूक उद्यानं कळकट असायची. कचरा, दारू, पाकीटमार. वॉल्टला स्वच्छ जागा हवी होती.

पण त्या काळात आणखी एक भीती होती. पोलिओ! १९५२ साली अमेरिकेत पोलिओचे सुमारे ५८ हजार रुग्ण झाले. उन्हाळा आला की आईबाप पोरांना पोहायच्या तलावावर, सिनेमाला, जत्रेला पाठवत नसत. म्हणजे २०२० मध्ये आपल्या घरात जे झालं, ते तिथे दर उन्हाळ्यात होत होतं. १२ एप्रिल १९५५ रोजी जोनास साल्क यांची लस परिणामकारक असल्याचं जाहीर झालं. आणि सुमारे तीन महिन्यांनी, १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडलं. हा योगायोगच, कुणी ठरवून केलं नव्हतं. पण गर्दीत पोराला घेऊन निर्धास्त उभं राहता यावं यासाठी आधी प्रयोगशाळेत कुणीतरी झिजावं लागतं, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं.

डिस्नेलँडची जागा म्हणजे ॲनाहाइम गावातल्या १६० एकर संत्र्याच्या बागा. जागा कुठे घ्यावी, लोकवस्ती कुठे सरकते आहे, पाऊस किती, हे सगळं एका संशोधन संस्थेकडून अभ्यास करून ठरवलं. खर्च १ कोटी ७० लाख डॉलर. रॉयने पैशांची जुळवाजुळव केली, वॉल्टने स्वतःच्या विम्यावर कर्ज काढलं. सुमारे एका वर्षात पार्क उभं राहिलं. आत यायला एकच मोठं प्रवेशद्वार, मग एक रस्ता, मग मधोमध चौक आणि चौकातून सायकलच्या आऱ्यांसारख्या वाटा. गर्दी एका जागी न तुंबता आपोआप वाटली जावी अशी ही रचना. रांगा नागमोडी, जागोजाग कचरापेट्या, हातात झाडू घेतलेली माणसं सतत फिरती.

इतकं करूनही उद्घाटनाचा दिवस फसला! खोट्या तिकिटांवर माणसं घुसली, कुंपणाला शिडी लावून कुणी पैसे घेऊन लोकांना आत सोडलं, आकडा २८ हजारांवर गेला. उन्हाने नवं डांबर मऊ होऊन बायकांच्या सँडलच्या टाचा रुतल्या. नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ किंवा स्वच्छतागृहं, दोन्हींतलं एकच वेळेत पुरं होणार होतं. वॉल्टने स्वच्छतागृहं निवडली. लोक पाण्यावाचून चिडले, पण निर्णय योग्यच होता ना? गर्दी मोजता आली नाही तर स्वप्ननगरीचीही दैना होते, हा धडा तो पहिल्याच दिवशी शिकला. दोन महिन्यांच्या आत दहा लाखावा पाहुणा आला. १९५९ मध्ये मोनोरेल आली आणि नळीदार पोलादी रुळांवरचा मॅटरहॉर्न हा रोलर कोस्टर आला. आज आपण ज्या गुळगुळीत कोस्टरवर ओरडतो, त्याचा तो पूर्वज.

वॉल्टला सिगारेटचं व्यसन होतं. स्वच्छतेसाठी एवढा आग्रह धरणाऱ्या माणसाला स्वतःची फुप्फुसं जपता आली नाहीत. १५ डिसेंबर १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. वय ६५. फ्लोरिडातलं त्याचं दुसरं मोठं पार्क थोरल्या रॉयने पुरं केलं आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलं.

वॉल्ट गेल्यावर ५३ वर्षांनी साथ पुन्हा आली. जानेवारी २०२० मध्ये शांघायचं डिस्ने पार्क बंद झालं. १४ मार्चला कॅलिफोर्नियाचं डिस्नेलँड बंद झालं आणि दोन दिवसांत फ्लोरिडाचंही. मग खरा प्रश्न आला, उघडायचं कधी? कंपनी एकच, पण फ्लोरिडाचं पार्क ११ जुलै २०२० ला उघडलं, तेव्हा त्या राज्यात रुग्ण वाढत होते आणि त्यावर खूप टीका झाली. कॅलिफोर्नियाच्या सरकारने परवानगी दिली नाही, तिथलं पार्क ३० एप्रिल २०२१ पर्यंत बंद राहिलं. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या २८ हजार माणसांना कामावरून कमी करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे उघडलं तर जिवाची भीती, नाही उघडलं तर पोटाची. सोपं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

जिथे उघडलं, तिथे मास्क, आगाऊ नोंदणी, मोजकीच माणसं, रांगेत अंतराच्या खुणा आणि मिरवणुका बंद. जपानमध्ये तर रोलर कोस्टरवर ओरडू नका, मनातल्या मनात किंचाळा, असा नियम निघाला! हसू येतं, पण ओरडताना तोंडातून तुषार उडतात हे शास्त्र त्यामागे होतं. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी शांघायच्या पार्कला एक बाधित पाहुणा आदल्या दिवशी येऊन गेल्याचं कळलं, आणि आतल्या सुमारे ३४ हजार लोकांना चाचणी झाल्याशिवाय बाहेर सोडलं नाही. वर आतषबाजी चालू आणि खाली पांढऱ्या पोशाखातले कर्मचारी नाकातून नमुने घेताहेत! सगळ्यांच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या, हे नशीब. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी आहे. जानेवारी २०२१ मध्ये, पार्क बंद असताना, डिस्नेलँडच्या गाड्या लावायच्या मैदानावर लसीकरणाचं मोठं केंद्र उघडलं. जिथे लोक राइडसाठी यायचे, तिथे ते लशीसाठी रांगेत उभे राहिले. मानमोडीतून उठलेल्या वॉल्टला हे पाहून बरंच वाटलं असतं.

आपल्याकडेही हेच चाललं होतं. राज्याचे आरोग्यमंत्री तेव्हा आपल्याच जिल्ह्यातले, घनसावंगीचे राजेश टोपे होते. २०२० च्या नवरात्रात राज्यातली मंदिरं बंद होती, त्यामुळे अंबडच्या मत्स्योदरी देवीची नेहमीची यात्रा भरली नाही. आपलं थीम पार्क म्हणजे यात्राच की! आकाशपाळणा, मौत का कुवा, खेळण्यांची दुकानं. आपली फक्त मजा बुडाली, पाळणेवाल्यांचं वर्षाचं पोट बुडालं. हे आपण बोलताना विसरतो.

शेवटी माझी गोष्ट पुरी करतो. पहिली लाट ओसरली तसे आम्ही ढिले झालो. २०२१ च्या मार्चमध्ये एका लग्नाला गेलो. मास्क खिशात, डीजेसमोर दोन तास नाचलो. शेजारचे काकाही होते. एप्रिलमध्ये काकांना ताप आला आणि दहा दिवसांत काका गेले. आजार त्यांना लग्नातच लागला की आणखी कुठे, हे कुणीच सांगू शकत नाही. मलाही त्या आठवड्यात दोन दिवस कणकण होती, आणि मी ती घरात कुणाला सांगितली नव्हती. काकांच्या घरी माझं जाणंयेणं चालू होतं. एवढंच लिहितो.

२०२३ मध्ये आम्ही इमॅजिकाला गेलो. गाडी पप्पांनी चालवली. राइडच्या रांगेत उभा असताना मी लोखंडी कठडे बघत होतो, फाटकावर माणसं मोजणारा पोरगा बघत होतो, सीटचा पट्टा दोनदा ओढून पाहणारी ताई बघत होतो. मजा ही या लोकांच्या जिवावर चालते. साथीत थीम पार्कला जावं का, असं आज कुणी विचारलं तर मी म्हणेन, की तिथे माणसं मोजणारा असेल आणि आपल्याला स्वतःची कणकण लपवायची सवय नसेल, तर जावं. नाहीतर घरी थांबावं. जहाज हुकलं तरी वॉल्ट फ्रान्सला पोचलाच होता.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कुणी पूल बांधेल, कुणी लिफ्ट बसवेल, कुणी यात्रेतला पाळणा तपासेल. आपल्या कामावर विश्वास ठेवून कुणीतरी पोराला कडेवर घेऊन वर चढेल. तो हसत खाली उतरला पाहिजे, एवढं लक्षात ठेवू या!